भावाला सरळ विचारू का?

ताईंना नमस्कार.

माझं सासर फोंडा तालुक्यात, माहेर डिचोलीकडचं. पत्र धाकट्या भावाविषयी आहे. त्याचे दोन टिपर ट्रक होते. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा कसाबसा तगला. २०१८ साली पुन्हा बंद झाल्या तेव्हा एक ट्रक विकला, दुसरा अंगणात गंजत राहिला. आता तो दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. कर्ज आहे, पण किती ते भावजयेलाही ठाऊक नाही. आधी सणावाराला घेणारा, आता रोज घेतो. रात्री दोन-तीन वाजता उठून बाल्कांवात, दारापुढच्या बैठकीवर बसतो.

चवथीची माटोळी, गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची चौकट, आमच्या घरी तोच बांधायचा. रानात जाऊन कांगलां, आंबाडे, सुपारीचं शिपटं स्वतः आणायचा. यंदा म्हणाला, बाजारातून आणा काय ते. देवळाच्या भजनात लहानपणापासून पखवाज वाजवतो. तो पखवाज त्याने वाड्यावरच्या एका मुलाला देऊन टाकला. मागच्या आठवड्यात एलआयसीचे कागद काढून भावजयेला दाखवले, म्हणाला, “मी असो नसो, तुमचं अडायला नको.”

आणि आता चार दिवस एकदम शांत आहे. चिडचिड नाही, मुलांना जवळ घेतो. भावजय म्हणते, सुधारला. मला मात्र झोप नाही. आमच्या थोरल्या काकांनी स्वतःचा जीव घेतला होता. घरात त्यांचं नावसुद्धा कोणी काढत नाही. भावाला सरळ विचारावं असं वाटतं, पण नसलेलं मीच त्याच्या डोक्यात घातलं तर? भावजय देवाला कौल लावू म्हणते. दिवाळीला मी जाणारच आहे, तेव्हा बोलू का?

— एक बहीण

तुम्ही पत्राच्या पाठीमागे फोन नंबर लिहिला होता ते फार बरं केलंत. सदरात उत्तर छापून यायला पंधरा दिवस जातात आणि तुमचं पत्र पंधरा दिवस ठेवण्यासारखं नव्हतं. ते हातात पडलं त्याच दुपारी आपण बोललो. त्यातलं बरंचसं इथे पुन्हा लिहिते आहे, तुम्हाला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून. अशी पत्रं पेडण्याहून येतात तशी काणकोणहूनही येतात, आणि शेवटी सगळ्यांचा प्रश्न हाच असतो: विचारू का?

विचारा. दिवाळीला नव्हे, आज.

विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत चांगल्या शिकलेल्या घरांतही आहे, म्हणून तिचं आधी सांगते. जगभरात यावर अभ्यास झाले आहेत, शाळकरी मुलांवर झाले तसे इस्पितळात आलेल्या रुग्णांवरही. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार बळावतो असं त्यांत दिसलेलं नाही. उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. ज्याच्या मनात तसलं काही नाही तो म्हणेल, “खुळी का काय तू?” आणि विषय संपेल. ज्याच्या मनात आहे तो ते कित्येक दिवस एकटाच घेऊन फिरत असतो. त्याला वाटतं, हे ऐकलं तर घरचे कोसळतील. तुम्ही स्वतःहून नाव घेतलंत की त्याला कळतं, हिच्यापुढे बोलता येईल.

आता तुमच्या पत्रातल्या खुणांकडे येते. दारू, झोप उडणं, माटोळीतून मन उडणं या सगळ्याला नैराश्य म्हणता येईल. पुरुषांत ते रडण्यापेक्षा चिडचिडीतून, पिण्यातून, पित्त आणि पाठदुखीच्या तक्रारींतून जास्त दिसतं, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. डॉक्टरकडे जायला तेवढंही पुरे. पण पत्र वाचता वाचता मी थांबले ती पुढच्या तीन गोष्टींपाशी: पखवाज, एलआयसीचे कागद आणि ही शांतता.

इतक्या वर्षांच्या सवयीचं वाद्य माणूस कंटाळून अडगळीत टाकतो, कधी विकतोही. पण निरोप घेतल्यासारखं ते दुसऱ्याच्या हातात देणं वेगळं. जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, कागदपत्रं लावून ठेवणं, बायकोला पिन नंबर आणि नॉमिनीचं नाव सांगणं, जुन्या माणसांना उगाच भेटून येणं या निरवानिरवीच्या खुणा आहेत. त्यांच्या जोडीला “मी असो नसो” असं वाक्य आलं की ते बोलण्याच्या ओघात आलं असं समजू नये. जो बोलतो तो करत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. ते खोटं आहे. गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आधी कुणाला तरी, कुठल्या तरी शब्दांत सांगितलेलं असतं.

शांततेविषयी भावजयेला दुखवायचं नाही, तिचा आनंद मला समजतो. पण आठवडेच्या आठवडे तळमळणारा माणूस उपचाराशिवाय, परिस्थितीत काहीही न बदलता चार दिवसांत निवळला, तर त्याची काळजी जास्त घ्यावी लागते. कधी कधी मनाची ओढाताण संपलेली असते ती काय करायचं ते ठरल्यामुळे. खरंच बरं वाटू लागलेल्या माणसाची झोप सुधारते, जेवण सुधारतं आणि तो पुढच्या महिन्याचं बोलू लागतो: पोराची फी, घराची शाकारणी, जत्रेतलं नाटक. तुमचा भाऊ पुढचं काही बोलतो का, असं मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प होतात.

कर्ज, धंदा बुडणं, दारू, घरात पूर्वी घडलेली अशी घटना, जुनं दुखणं, आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे आधी कधी केलेला प्रयत्न, या गोष्टी माणसाचा धोका वाढवतात. पण त्या वर्षानुवर्षं असू शकतात. खाणी बंद पडल्यावर डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोड्यात किती जणांचे ट्रक दारात उभे राहिले! त्यातले बहुतेक जण आज काही ना काही करून जगत आहेत. म्हणून “खाणींनी त्याला खाल्लं” अशा एका वाक्यात कुणाचं आयुष्य गुंडाळू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे, आणि दर दहांत सात पुरुष आहेत. कारणांत सर्वांत वर कौटुंबिक प्रश्न, त्याखालोखाल आजारपण. प्रत्यक्षात एकच कारण क्वचित असतं. दोन-तीन गोष्टी एकाच वेळी अंगावर येतात, झोप नसते, पोटात दारू असते आणि जवळ कुणी नसतं. कुणावर नजर ठेवायची हे धोक्याच्या गोष्टींवरून कळतं, पण हातातलं काम टाकून आजच जायचं की नाही हे खुणांवरून ठरतं. तुमच्या भावाच्या बाबतीत दोन्ही आहे.

विचारायचं कसं? तुम्ही म्हणालात, “असलं काही करणार नाहीस ना, असं विचारते.” तसं नको. त्या प्रश्नातच उत्तर भरलेलं आहे, तो “नाही गं” म्हणेल आणि दार बंद होईल. तो न प्यालेला असेल अशी वेळ गाठा, घरात गर्दी नको. गाडीत शेजारी बसून किंवा माडांच्या भाटात फिरताना पुरुष जास्त बोलतात, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही म्हणून असेल. आधी तुम्हाला काय दिसलं ते सांगा: “पखवाज दिलास, रात्रीचा झोपत नाहीस, ते कागद काढलेस. मला भीती वाटली रे.” मग घरात जी भाषा बोलता तीत, छापील शब्द न वापरता विचारा. मराठीत “जीव द्यावा असं मनात येतं का?”, नाहीतर सरळ कोंकणीत “जीव दिवचोसो दिसता काय रे तुका?” आणि मग गप्प बसा. ही गप्प बसण्याची पाळी सर्वांत कठीण, त्यासाठी मनाची तयारी करून जा.

उत्तर होय आलं तर “मुलांची तोंडं बघ”, “तुला काय कमी आहे”, “आईच्या गळ्याची शपथ घे” यातलं काहीही नको. मुलांचं तोंड तो रोज बघतोच, आणि आपण त्यांना ओझं झालोय असंच त्याला वाटत असतं. शपथ घेतलेला माणूस पुढच्या वेळी मन मोकळं करत नाही, कारण त्याला शपथ मोडल्याचीही लाज वाटते. “सांगितलंस ते बरं केलंस” एवढं पुरे आहे. त्यानंतर विचारायचं: कसं करायचं हे ठरवलं आहेस का, कधी, त्यासाठी काही आणून ठेवलं आहेस का? ऐकायला भयंकर वाटतं, पण वेळ किती आहे हे त्याच उत्तरावरून कळतं. ठरलेलं असेल तर त्या क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही, न्हाणीघरात गेला तरी दाराबाहेर कुणीतरी हवं, आणि १०८ किंवा ११२ ला फोन करायचा, नाहीतर गाडी काढून थेट गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत न्यायचं. “कुणाला सांगू नकोस” असं तो म्हणेल. ते वचन देऊ नका. म्हणा, “गावभर करणार नाही, पण तुला यातून बाहेर काढायला जे लागतील त्यांना सांगणार.”

उत्तर नाही आलं आणि तुमचं मन मानत नसेल, तर तेवढ्यावर सोडू नका. दोन दिवसांनी पुन्हा विचारा, डॉक्टरची वेळ तरीही घ्या.

त्याच दिवशी एक काम भावजयेबरोबर करायचं. घरातल्या गोळ्यांच्या पट्ट्या, कुळागरात फवारायची औषधं, घातक ठरेल असं जे काही असेल ते घराबाहेर न्यायचं, कुलपात नव्हे, दुसऱ्याच्या घरी. सत्तरी-सांगेकडच्या वाचकांसाठी: शेतराखणीची परवान्याची बंदूक असेल तर ती पोलीस स्टेशनात जमा करता येते. ज्याला करायचंच आहे तो दुसरा मार्ग शोधेल, असं म्हणून लोक हे काम टाळतात. पण टोकाची ती ऊर्मी बहुतेकदा काही मिनिटांची किंवा तासांची असते. ती वेळ टळली की माणूस बहुधा वाचतो. प्रयत्नातून वाचलेल्या दहांतले साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. आपल्याला ती वेळ टाळायची आहे.

कौलाचं. कौल लावू नका असं मी म्हणणार नाही. देवाला विचारून भावजयेच्या मनाला उभारी येत असेल तर ती तिलाही हवी आहे. पण बांबोळीच्या इस्पितळात जायचं की नाही हे पाकळी उजवी पडते की डावी यावर ठेवायचं नाही. आधी डॉक्टर, मग येताना वाटेत देऊळ. कोणी घाडी, म्हणजे देवऋषी, “बाहेरचं आहे” म्हणाला आणि विधीसाठी महिना थांबायला सांगितलं, तर थांबायचं नाही.

बांबोळी म्हटलं की आपल्याकडे अजून माणसं दचकतात. मनोरुग्ण इस्पितळ, म्हणजे आयपीएचबी, तिथे पाऊल टाकलं की कोंडून ठेवतात अशी समजूत आहे. ओपीडीत येणारे बहुतेक लोक केसपेपर काढतात, डॉक्टरशी बोलतात, गोळ्या घेतात आणि दुपारच्या जेवणाला घरी असतात. बांबोळी नकोच वाटत असेल तर म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही मानसोपचाराचे डॉक्टर असतात. रात्रीबेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं, त्याला किंवा तुम्हालाही, तर १४४१६ ही टेली-मानसची सरकारी लाइन आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही.

पोलिसांची केस होईल का, हेही तुम्ही हळूच विचारलंत. मनात विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न केलेल्या माणसाविषयी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की तो तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, उलट त्याच्या उपचारांची आणि काळजीची जबाबदारी सरकारवर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं ते जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. त्यामुळे इस्पितळात खरं काय ते सांगा. लपवाछपवी केली तर उपचार चुकतात.

दारूबद्दल जरा जपून. भावजय म्हणाली असेल, आजपासून बंद. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय थरथरणं, भ्रम होणं, फिटसुद्धा येणं असं होऊ शकतं, कधी ते जिवावर बेततं. किती घेतो ते डॉक्टरला खरं सांगा आणि ते सांगतील तसं सोडवा. तोवर घरात साठा नको. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. अंगात थोडी शक्ती येते पण मन अजून उठलेलं नसतं, असे सुरुवातीचे काही दिवस असतात. त्या दिवसांत पहारा सैल करायचा नाही. गोळ्यांचं पाकीट भावजयेकडे, रोजची गोळी रोज हातात.

कर्जाचा आकडा कुणालाच माहीत नाही, याची मला कर्जापेक्षा जास्त काळजी वाटते. पहिल्या आठवड्यात तो विषय काढू नका. तो थोडा सावरला की तुमच्या यजमानांनी किंवा बँकेत नोकरी केलेल्या कुणीतरी त्याच्याबरोबर बसून सगळे कागद समोर मांडावेत: सोसायटीचं, बँकेचं, हातउसने, आणि मोबाइलवरच्या ॲपवरून घेतलेलं असेल तर तेही. ॲपवाले धमक्या देत असतील तर १९३० वर सायबर तक्रार होते. बाकीच्यांशी हप्ते वाढवून घेण्याची बोलणी करता येतात. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही. मन जागेवर आणायला डॉक्टर आणि आकडा जागेवर आणायला हिशेबी माणूस, असे दोघेही लागतील.

काकांविषयी एवढंच. घरात त्यांचं नाव निघत नाही यामुळे तुमच्या भावाला एकच शिकवण मिळाली असेल, की या घरात असल्या दुःखाची वाच्यता करायची नाही. आई खचेल म्हणून तुम्ही गप्प राहिलात हे मला पटतं. कधीतरी, सगळं निवळल्यावर, काका कसे होते, काय गमती करायचे, हे मुलांसमोर बोलायला लागा. ते कसे गेले त्याचं वर्णन नको. आजारी होते, मदत मिळाली नाही, इतकं मुलांना समजतं. भावाच्या मुलांनाही आत्ता तेवढंच सांगा: पप्पांना बरं नाही, डॉक्टरकडे नेतोय, तुमच्यामुळे काही झालेलं नाही.

आपण बोललो त्याच संध्याकाळी तुम्ही माहेरी गेलात आणि विचारलंत. तो काय म्हणाला ते इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिघं बांबोळीला होतात, एवढं लिहायची परवानगी तुम्ही दिली आहे. ओपीडीच्या रांगेत तो तुमच्यावर चिडला, “जगभर बोभाटा केलास” म्हणाला, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. चिडला तरी रांगेतून उठून गेला नाही.

पुढची तारीख बुधवारची आहे. बरं वाटायला लागलं की दुसऱ्या भेटीला टाळाटाळ होते, म्हणून कोण नेणार ते आत्ताच ठरवा. भावजयेला रजा मिळत नसेल तर तुम्ही जा. तुमच्या घरून माहेर आणि मग बांबोळी, कदंबाच्या बसने अख्खा दिवस मोडेल. भजनातला तो मित्र गाडी घेऊन येतो म्हणाला आहे ना, त्याला येऊ द्या. त्याला काय सांगायचं ते भावालाच ठरवू द्या. आणि बुधवारी दुपारी मला फोन करा, मी चारपर्यंत मोकळी आहे.